मुलींच्या मंडळाची तीन वर्षांची आखणी

आज आपण आपल्या गावातल्या तरुण मंडळांबद्दल बोलणार आहोत. त्यातही मुलींच्या मंडळांबद्दल जास्त. किशोरी गट म्हणा, युवती मंडळ म्हणा, नाव काहीही असो. ही मंडळं सुरू होतात मोठ्या हौसेनं. पहिल्या बैठकीला खोली पुरत नाही. झाडं लावतात, रांगोळी स्पर्धा घेतात, सावित्रीबाईंची जयंती करतात. वर्ष-दीड वर्षानं बघावं, तर चारच मुली येताना दिसतात. आणि ज्या मुलीनं सगळं उभं केलं, तिचं लग्न ठरलं की वहीसुद्धा कुठं गेली ते कळत नाही.

आम्ही बचत गटांचं काम करणाऱ्या कार्यकर्त्या गावोगाव फिरतो, तेव्हा हे वारंवार बघतो. लोक म्हणतात, आजकालच्या पोरींना चिकाटी नाही. आम्हाला ते पटत नाही. त्याच मुली घरचं पाणी भरून, जनावरांचं करून, एस.टी.नं शाळेला जातात. चिकाटी भरपूर आहे. नसतं ते एकच, पुढच्या दोन-तीन वर्षांचं मिळून ठरवणं. यालाच मोठ्या संस्था धोरणात्मक नियोजन म्हणतात. शब्द जड आहे, म्हणून आज आपण त्याला ‘लांबची आखणी’ म्हणू.

कार्यक्रमांची यादी म्हणजे लांबची आखणी नव्हे. जानेवारीत हळदीकुंकू, मार्चमध्ये महिला दिन, जूनमध्ये वृक्षारोपण, ही झाली यादी. लांबच्या आखणीत चार गोष्टी लागतात. तीन वर्षांनी गावात नेमकं काय बदललेलं हवं, ते एक. त्यासाठी आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही, ते दोन. काय करायचं आणि काय मुद्दाम सोडून द्यायचं, ते तीन. आणि काम होतंय की नाही हे कशावरून कळणार, ते चार.

आपल्या बचत गटाला ही रीत नवी नाही. बँकेच्या कर्जासाठी गटाचा आराखडा करताना आपण घराघराची गरज, उत्पन्न, देणं आणि परतफेड मांडतोच. पण मुलींना हे कुणी शिकवत नाही. शाळेत नाही आणि घरीही नाही. घरी तर त्यांचं सगळं दुसऱ्यांनीच ठरवलेलं असतं.

मग हे शिकायचं कुठं? जगातल्या मुलींच्या एका मोठ्या संघटनेनं यासाठी देशादेशांतल्या मुलींना एकत्र बसवायची रीत पाडली आहे. त्या संघटनेचं एक घर आपल्या पुण्यातच आहे.

गाइड हा शब्द आपल्यातल्या पुष्कळ जणींनी शाळेत ऐकला असेल. निळा पोशाख, गळ्यात स्कार्फ, १५ ऑगस्टची परेड. बऱ्याच जणींना वाटतं, गाइड म्हणजे तेवढंच. पण त्याची सुरुवात मुलींच्या हट्टातून झाली. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलांच्या स्काउट पथकांचा मेळावा होता. तिथं काही मुली बोलावणं नसताना येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्हालाही यात यायचंय. पुढच्या वर्षी, १९१० मध्ये, मुलींची गाइड चळवळ सुरू झाली. भारतात १९११ साली जबलपूरला पहिलं गाइड पथक निघालं. १९२८ साली वेगवेगळ्या देशांतल्या संघटनांनी मिळून जागतिक संघटना केली. आज सुमारे १५० देशांतल्या संघटना तिच्या सदस्य आहेत. आपल्याकडची भारत स्काउट्स आणि गाइड्स ही त्यांतलीच एक.

या जागतिक संघटनेची पाच जागतिक केंद्रं आहेत. एक स्वित्झर्लंडमध्ये, एक लंडनला, एक मेक्सिकोत, एक आफ्रिकेत आणि एक आपल्या पुण्यात, आळंदी रस्त्यावर. पुण्याच्या केंद्राचं नाव ‘संगम’. ते १९६६ साली सुरू झालं. तिथं देशोदेशींच्या मुली आणि तरुण बाया येऊन राहतात, प्रशिक्षण घेतात, आणि पुण्यातल्या स्थानिक संस्थांबरोबर कामही करतात.

ही संघटना जवळपास शंभर वर्षं टिकली ती कशी, हे समजून घेतलं तर आपल्या मंडळांना पुष्कळ मिळेल. आम्हाला त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, दिशा सगळ्यांनी मिळून ठरवायची. दर तीन वर्षांनी सदस्य देशांची जागतिक परिषद भरते. तिथं पुढचं धोरण मतानं ठरतं. देश मोठा असो वा लहान, श्रीमंत असो वा गरीब, सदस्य संघटनेला एकच मत. २०२१ च्या परिषदेत त्यांनी २०३२ सालापर्यंत कुठं पोचायचं ते ठरवलं. प्रत्येक मुलीला पुढं जाता येईल असं समानतेचं जग, हे त्यांचं लांबचं ठिकाण. मग तिथं पोचण्यासाठी जवळच्या दोन-तीन वर्षांच्या योजना करायच्या. म्हणजे दिशा लांबची आणि पावलं जवळची.

दुसरी गोष्ट, पैसा थोडाथोडा पण सगळ्यांचा. २२ फेब्रुवारी हा चळवळीच्या संस्थापकांचा, बेडन-पॉवेल पती-पत्नींचा, दोघांचाही वाढदिवस. १९२६ पासून तो दिवस एकमेकींच्या आठवणीचा म्हणून पाळायचं ठरलं. १९३२ च्या परिषदेत बेल्जियमच्या प्रतिनिधीनं सुचवलं की वाढदिवसाला भेट द्यायची असते, तर प्रत्येक मुलीनं या दिवशी एक छोटं नाणं संघटनेला द्यावं. तेव्हापासून हा निधी जमतो आहे आणि त्यातून ठिकठिकाणच्या मुलींच्या कामाला मदत होते. बायांनो, ही आपल्या बचतीचीच रीत झाली. सगळ्यांनी थोडं थोडं दिलं की संघटनेवर हक्क सगळ्यांचा राहतो.

तिसरी गोष्ट, आजच्या विषयाला सगळ्यात जवळची. पुढची फळी मुद्दाम तयार करायची. या संघटनेत ज्युलिएट लो यांच्या नावानं एक शिबिर भरतं. ज्युलिएट लो यांनी १९१२ साली अमेरिकेत मुलींची पहिली तुकडी सुरू केली. त्यांना नीट ऐकू येत नसे, तरी त्यांनी ही चळवळ देशभर नेली. शिबिराला वेगवेगळ्या देशांतल्या तरुणी येतात, साधारण विशी ते तिशीच्या. तिथं भाषणं असतात, पण खरं काम दुसरंच. प्रत्येकीनं आपल्या भागातला प्रश्न मांडायचा, त्यावर आखणी करायची आणि परत गेल्यावर आपल्याकडच्या १०० मुलींपर्यंत पोचेल असं काम करायचं. म्हणजे शिकलेलं वहीत राहत नाही, गावात उतरतं.

आता कुणी विचारेल, की आखणी शिकायला परदेशी मुलींची काय गरज? आपल्या आपण बसून होत नाही का? होतं. पण एक अडचण असते. गावात आपण एकमेकींना इतक्या ओळखतो की अर्धं बोलतो आणि अर्धं गृहीत धरतो. ‘ते काय, तुम्हाला माहीतच आहे,’ असं म्हणून पुढं जातो. शिवाय बैठकीत सासू बसली असेल तर सून गप्प. सरपंचांच्या घरची मुलगी बोलली की बाकीच्या माना डोलावतात. अमक्या वस्तीवरच्या मुली का येत नाहीत, हा प्रश्न कुणी काढत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते उच्चारायचं नसतं.

समोर केनियाची, फिलिपाइन्सची किंवा फ्रान्सची मुलगी बसली की हे चालत नाही. तिला आपली भावकी माहीत नाही, जात माहीत नाही, मानपान माहीत नाही. ती सरळ विचारते. तिला समजावून सांगताना आपल्यालाच आपलं काम नव्यानं दिसतं. आणि तिची आखणी ऐकताना आपणही तिला तसंच विचारायला शिकतो. या सहकार्यातून मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, असं आम्हाला वाटतं. कुठला तरी तयार नमुना आणून भरण्यापेक्षा प्रश्न विचारायची सवय लागणं जास्त मोलाचं आहे.

असे पाच प्रश्न आम्ही इथं देतो. वहीत उतरवून घ्या.

एक, तुमच्या मंडळात कोण येत नाही, आणि का?
दोन, तुमचं मंडळ उद्या बंद पडलं तर गावात कुणाचं काय अडेल?
तीन, तीन वर्षांनी काय बदललेलं असेल, आणि ते मोजणार कसं?
चार, आज करता त्यातलं काय सोडून देणार?
पाच, प्रमुख मुलगी गावाबाहेर गेली तर काम कोण पुढं नेणार?

हे प्रश्न वापरून आखणी कशी होते, ते उदाहरणानं बघू. समजा, एका गावात २० मुलींचं मंडळ आहे. गावची शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा सहा किलोमीटरवर. मंडळाचं आजवरचं काम म्हणजे रांगोळी, सहल आणि वृक्षारोपण. आता मुलींनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. कोण येत नाही? ज्या मुलींनी शाळा सोडली त्या. शाळा सुटली की मंडळही सुटलं.

मग त्यांनी घरोघरी जाऊन नावांची यादी केली आणि प्रत्येक नावापुढं कारण लिहिलं. कुणाची एस.टी.ची अडचण. कुणाला पाळीच्या दिवसांत शाळेत सोय नाही. कुणाचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि धाकट्या भावंडांना तीच सांभाळते. कुणाचं लग्न ठरवताहेत. आता ‘मुलींच्या शिक्षणासाठी काम करू’ असं मोघम बोलायची गरज उरली नाही. ठरलं ते असं, की तीन वर्षांत आपल्या गावातली एकही मुलगी दहावीच्या आधी शाळा सोडणार नाही. हे मोजता येतं. यादीतली नावं मोजायची, एवढंच.

पुढं, आपल्याजवळ काय आहे? ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेला जायला एस.टी.चा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची योजना आहे. पण ज्या वेळेला शाळा सुटते त्या वेळेला गाडीच नसेल तर पास काय कामाचा? म्हणून पहिल्या वर्षाचं काम, गाडीची वेळ. मुलींनी आगारात अर्ज द्यायचा, सोबत शाळेचं पत्र जोडायचं आणि ग्रामसभेचा ठराव घ्यायचा. दुसऱ्या वर्षी, शाळेतली स्वच्छतागृहं आणि पाणी. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करावे लागतात. गावचा विकास आराखडा करताना ग्रामसभेच्या आधी महिलांची आणि मुलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथं मुलींनी आपली मागणी लेखी द्यायची. तिसऱ्या वर्षी, ऊसतोडीच्या हंगामात मागं राहणाऱ्या मुलांची सोय आणि लवकर होणारी लग्नं. हे सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी घ्यायचं. तोवर मंडळाचं वजन वाढलेलं असेल. पण मधल्या काळात एखाद्या मुलीचं लग्न वयाआधी ठरतंय असं कळलं, तर त्यासाठी तिसऱ्या वर्षाची वाट बघायची नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर मंडळातल्या प्रत्येकीला पाठ हवा.

आता चौथा प्रश्न, सोडायचं काय? सहल आणि मोठी रांगोळी स्पर्धा वर्षभर थांबवायची. हे कठीण जातं. पण २० मुलींच्या हातात आठवड्याचे दोन तास असतात. त्यात सगळं बसत नाही. जे सोडायचं ठरत नाही, ते शेवटी जे करायचं ठरलं त्याच्याच वेळेवर येतं.

आणि पाचवा प्रश्न. आपल्या गावात मुली जाणारच, शिकायला नाहीतर सासरी. म्हणून हे गृहीत धरूनच आखणी करायची. प्रत्येक कामाला दोन मुली, एक मोठी आणि एक धाकटी. वह्या एकीच्या घरी ठेवायच्या नाहीत, गटाच्या पेटीत ठेवायच्या. दरवर्षी जूनमध्ये प्रमुख बदलायची. मोठी गेली तरी धाकटीला सगळं माहीत असतं.

एवढं झालं की दर तीन महिन्यांनी यादी काढायची आणि बघायचं, काय झालं, काय राहिलं, काय बदलायचं. पाऊस, सुगी, परीक्षा, लग्नसराई बघून तारखा धरायच्या. मे महिन्यात बैठक ठेवली तर निम्म्या मुली मामाच्या गावाला असतात.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. बाहेरच्या लोकांबरोबर काम करायचं म्हटलं की पहिला विचार पैशाचा येतो. परदेशी लोक आले म्हणजे पैसे देतील, असं गावात लगेच बोललं जातं. हे डोक्यातून काढा. परदेशी देणग्यांसाठी आपल्या देशात २०१० चा कायदा आहे. त्याखाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असल्याशिवाय कुठल्याही संस्थेला किंवा मंडळाला परदेशी देणगी घेता येत नाही. नोंदणी असली तरी ते पैसे ठरलेल्या बँकेतल्या वेगळ्या खात्यातच घ्यावे लागतात. म्हणून कुणी प्रेमानं पैसे देऊ केले तरी घाई करू नका, जाणकाराला विचारा. शिकण्यासाठी पैसे लागत नाहीत.

दुसरी सावधगिरी, दुसऱ्याचं उद्दिष्ट आपलं म्हणून घेऊ नका. त्यांच्या देशातला मोठा प्रश्न वेगळा असेल. ऐकायचं जरूर, पण आपली यादी आपल्या गावातूनच निघायला हवी.

तिसरी गोष्ट, कमीपणा घेऊ नका. इंग्रजी येत नाही म्हणून मुली मागं बसतात. पण आपल्याकडेही द्यायला आहे. ठरल्या दिवशी बैठक, सगळ्यांसमोर हिशेब, प्रत्येकीची सही किंवा अंगठा, कर्ज कुणाला द्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवणं, हे आपण वर्षानुवर्षं करतो आहोत. बाहेरून येणाऱ्या तरुणींना हे बघून शिकता येईल. सहकार्य म्हणजे दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण.

आता तुम्ही विचाराल, आमच्या गावापासून हे सगळं किती लांब! तर सुरुवात जवळून करू या. आपल्या मुलींच्या शाळेत गाइड पथक आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारा. धाकट्या मुलींसाठी बुलबुल, मधल्या वयाच्या मुलींसाठी गाइड आणि मोठ्यांसाठी रेंजर अशी रचना असते. पथक कागदावरच असेल तर पालक सभेत विषय काढा. कॉलेजच्या मुलींसाठी राष्ट्रीय सेवा योजना आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी युवक मंडळांसाठी नेहरू युवा केंद्राचं काम १९७२ पासून चालत आलं आहे. तिथं मंडळाची नोंद करता येते का, चौकशी करा. मुलींच्या वाटा याच दारातून पुढं जिल्ह्यापर्यंत, राज्यापर्यंत आणि कधी देशाबाहेरही जातात.

तोवर एक गोष्ट मात्र या महिन्यातच करता येईल. आपल्या मुलींच्या मंडळाची गाठ दुसऱ्या तालुक्यातल्या मंडळाशी घालून द्या. मध्ये नातीगोती नकोत, ओळखीपाळखी नकोत. दोन्ही मंडळांनी एक दिवस एकत्र बसायचं, आपापलं काम सांगायचं आणि एकमेकींना हेच पाच प्रश्न विचारायचे. सहा महिन्यांनी पुन्हा भेटायचं आणि ठरलेलं झालं का ते सांगायचं. परक्या माणसाला शब्द दिला की तो पाळावासा वाटतो. देशादेशांतल्या शिबिरात जे घडतं, त्यातला बराच भाग दोन तालुक्यांतही घडतो.

आणि आपण मोठ्या बायांनी काय करायचं? बसायला जागा द्यायची. वही-पेटी सांभाळायची. बाहेरगावी जाताना सोबत एक जाणती बाई पाठवायची, म्हणजे घरचे नाही म्हणणार नाहीत. प्रवासखर्चाला गटातून थोडी रक्कम काढायची. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे, मुली ठरवत असताना मध्ये बोलायचं नाही. चुकू द्या त्यांना. गाडीच्या वेळेचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर दुसऱ्यांदा बरोबर जाईल. पण आपणच ठरवून दिलं, तर आखणी करायला त्या कधी शिकणार?

उद्या याच मुली कुणाच्या तरी गावात सुना होतील, बचत गटात येतील, ग्रामपंचायतीत निवडून जातील. निम्म्या जागा बायांच्या असल्या तरी कागद नवऱ्यानं वाचायचा आणि तिनं फक्त सही करायची, हे आपण बघतोच. ज्या मुलीनं पंधराव्या वर्षी आगारात जाऊन आपल्या गावची गाडी मागितली आहे, ती तिसाव्या वर्षी न वाचता सही करणार नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत हा एक विषय अजेंड्यावर घ्या. आपल्या गावातल्या मुलींचं मंडळ चालू आहे का, बंद पडलं असेल तर वही कुणाकडे आहे, आणि दुसऱ्या तालुक्यातल्या कुठल्या गटाला निरोप धाडायचा. तारीख ठरवा आणि ठराव वहीत लिहा. पुढचं मुलींवर सोपवा.